चार बाटल्या आणि अव्वाचं नाक

आमच्या घरात माणसं तीन आणि नाक एकच. ते अव्वाचं. मला आणि सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, चेहऱ्याच्या मधोमध जे मिळालंय ते केवळ चष्मा टेकवायची सोय म्हणून.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर आणि सासर दोन्ही कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मंद्रूपचं. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी, म्हणून आम्ही तिला आई न म्हणता अव्वा म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी. मी सोलापुरात शाळेवर विज्ञान शिकवतो, पण अव्वाच्या नाकापुढं माझी पदवी कायम खाली मान घालून उभी असते. दळण आलं की डब्याचं झाकण न उघडता ती सांगायची, "गिरणीवाल्यानं आपल्या आदी कुणाची तरी हळद दळल्या." दूध उतू जायच्या आधी बाहेरच्या खोलीतून ओरडायची. पावसाचं तर विचारूच नका. हवामान खातं ढग बघत बसायचं तोवर आमच्या गच्चीवरचे पापड खाली आलेले असायचे.

पण या नाकाची खरी दहशत होती ती माझ्यावर. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय. आणि शाळेतून घरी यायच्या वाटेवर एक माणूस मिरचीची भजी तळत बसतो. (वाट बदलून पाहिली. त्या वाटेवर दोन माणसं बसतात.) भजी खाऊन मी चूळ भरायचो, बडीशेप चावायचो, वारं लागावं म्हणून दोन गल्ल्यांचा वळसा घालून यायचो. दारात पाय ठेवला की आतून आवाज यायचा.

"किती खाल्लास?"

"काय किती?"

"भजी."

"दोन."

"तीन."

तीनच असायची. राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, रागापेक्षा नवल जास्त वाटायचं. पन्नाशी ओलांडलेला मी मास्तर, चप्पल काढता काढता पकडला जायचो आणि मनातल्या मनात आईला हात जोडायचो.

या नाकाचा मानाचा दिवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचं सगळं कुटुंब मंद्रूपच्या शेतात जमतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करायचं, त्यात देव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी म्हणजे सगळ्या भाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, आंबील, शेंगाच्या पोळ्या असं उठता येणार नाही इतकं जेवायचं. शेती माझा थोरला भाऊ मल्लूअण्णा बघतो, त्यामुळे बाकीचं सगळं त्याच्याकडं. शेंगाची चटणी मात्र अव्वाची. ती सोलापुरातून जायची. अव्वा दाणे भाजताना कढईकडं बघायचीसुद्धा नाही. पाठ करून लसूण सोलत बसायची, हलवायला सुनंदा. मधेच अव्वाची मान वर व्हायची. "उतरव." तेव्हाच उतरवायचं. आधी नाही, नंतर नाही.

गेल्या पावसाळ्यात अव्वाला ताप आला. आठ दिवसांनी तो गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला.

हे आम्हाला लगेच कळलं नाही, कारण तिनं सांगितलंच नाही. मला कळलं ते भज्यांमुळं. एक दिवस मी तीन खाऊन दारात आलो, तोंडात "दोन" तयार ठेवला, तर अव्वा म्हणाली, "आलास? चहा टाकू का?" मी चक्रावलो. दुसऱ्या दिवशी चार खाल्ली. चहा. तिसऱ्या दिवशी पाच खाल्ली, बडीशेपसुद्धा खाल्ली नाही. तरी चहा. चांगल्या मुलाला पहिल्या दिवशी काळजी वाटली असती. मला ती सहाव्या दिवशी वाटली, तीही पोट बिघडल्यावर. मग मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"अव्वा, बरं वाटत नाही का?"

"बरी हाय की." थोडा वेळ ती पदराशी खेळत बसली. "शिवा, मला वास येत न्हाय रे. कशाचाच."

लाइट गेली असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात यायची बंद झाली. वासाशिवाय अंदाज लागत न्हाय म्हणायची. जेवायची नावाला. वेळ अमावस्येचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "चटणी मल्लूच्या बायकोला करू दे. उखळ बी तिला देऊन टाकते. हितं कशाला अडगळ?" त्या उखळात तिनं चाळीस वर्षं चटणी कुटलीय. ते घरातून गेलं की अव्वा पुन्हा चुलीपुढं येणार नाही, हे मला आणि सुनंदाला न बोलता समजलं.

आम्ही नाकाच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, तापानं वासाच्या नसा थकल्यात, त्यांना पुन्हा शिकवायचं. त्यांनी चार सुगंधी तेलं लिहून दिली: गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी. कापसावर एक थेंब टाकायचा, वीस सेकंद शांतपणे हुंगायचं आणि तो वास आठवायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "आणि धीर धरा. महिने लागतात," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडं बघून.

त्या बाटल्या मी घरी आणून उघडल्या आणि खरं सांगतो, थक्क झालो. करंगळीएवढी बाटली, पण गुलाबाचं झाकण काढलं तर स्वयंपाकघरात लग्न लागल्यासारखं वाटलं. लिंबाची बाटली म्हणजे नुकतंच कुणीतरी कानाजवळ लिंबू कापलंय. एवढ्याशा थेंबात एवढी ताकद कुणी कोंडली असेल, या विचारानं मी वीस मिनिटं नुसता बाटल्या उघडत आणि मिटत बसलो.

पण थेंब हे माप आमच्या घराला ठाऊक नाही. आमच्याकडं तेल पळीनं मोजतात. आमटीवर तवंग दिसला नाही तर पाहुणा विचारतो, घरात कोण आजारी आहे? अशा घरात थेंब टाकताना माझा हात लाजत होता.

पहिल्या आठवड्यात मी शहाण्यासारखा वागलो. अव्वा डोळे मिटून बसायची, मी कापूस धरायचो.

"अव्वा, आठव. गुलाब."

"आठवतंय. येत न्हाय."

"बरं, ही लवंग."

"लवंग कशी असती ते मला ठावं हाय रे. तुला मसाला करून म्याच खाऊ घातलाय. येत न्हाय."

तिचा हिरमुसलेला चेहरा बघवेना. म्हणून एकाचे तीन थेंब केले, तिनाचे सहा. मग मी एक यंत्र आणलं. त्यात पाणी भरून वर तेल सोडलं की वासाचं धुकं निघतं. खोक्यावर लिहिलं होतं, चार-पाच थेंब पुरे. ते बहुधा ज्यांना वास येतो त्यांच्यासाठी लिहिलं असावं, असा मी शास्त्रीय विचार केला आणि चमचाभर ओतलं.

इथं एक कबुली द्यायला हवी. दरवर्षी मी वर्गाच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावतो आणि मुलांना सांगतो, वास पोचला की हात वर करा. पुढच्या बाकापासून एकेक हात वर होत जातो आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. मग मी समजावतो, वासाचे कण एका जागी राहत नाहीत, ते सगळीकडं पसरतात. हा धडा मी तीस वेळा शिकवलाय. घरी तो एकदाही आठवला नाही.

अव्वाला वास येईना म्हणून मी तेल वाढवत गेलो. अव्वाला येत नव्हताच, बाकी सगळ्यांना येत होता. भाकरीला नीलगिरीची चव आली. सुनंदाला बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "सर्दी लई दिवसाची हाय का हो?" खालच्या मजल्यावर बालराजअण्णांचे टॉवेलचे माग आहेत. ते एक दिवस वर आले.

"सर, जरा गॅस बघा की. गळायलाय वाटतं."

"गॅस नाही हो, नीलगिरी."

"व्हय का. आमच्या टॉवेलला समदा बामचा वास मारायलाय की."

मी माफी मागितली आणि यंत्र बंद करतो म्हणालो. चार दिवसांनी अण्णा परत आले. "सर, बंद का केलात? कापसाच्या धुळीनं बंद पडलेलं नाक वीस वर्षांनी उघडलं होतं." त्यांच्या विनंतीला मान देऊन मी पुन्हा सुरू केलं. म्हणजे ज्याच्यासाठी चाललं होतं ते नाक सोडून गल्लीतली सगळी नाकं बरी होत होती.

आणि एक दिवस मी वर्गात शिरलो, खुर्चीवर बसलो, तर पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. मग तिच्या मागच्या मुलीनं. मग तिसऱ्या बाकानं. शेवटचा हात वर होईपर्यंत मी समजून चुकलो, की या वर्षी उदबत्ती मीच आहे.

तरीही मी थांबलो नाही, कारण एव्हाना मला आणि सुनंदाला त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं. सतत एकच वास घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. हेही पुस्तकात आहे. मी मात्र अर्थ काढला, की बाटलीतलं तेल उतरलं. नवी बाटली आणली.

असं करत वेळ अमावस्या दोन दिवसांवर आली. सुनंदा अव्वापुढं जाऊन बसली.

"अव्वा, यंदा वास मी घेते. तुम्ही नुसतं सांगा. चटणी आपणच करू."

अव्वानं उखळाकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्यो शेवटचा डाव. बिघडली तर उखळ मल्लूकडं जाईल. मग मला कुणी आग्रह करायचा न्हाय."

कढई चढली. दाणे पडले. मी दारात उभा, जणू आत ऑपरेशन चाललंय.

"वास कसा येतुय?" अव्वानं विचारलं.

"शेंगदाण्याचा," सुनंदा म्हणाली.

"शेंगदाण्याचा न्हाय तर मोगऱ्याचा येनार व्हय? कच्चा येतुय का खरपूस?"

सुनंदानं वाकून हुंगलं, परत हुंगलं, आणि रडवेल्या चेहऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. तिला काहीच येत नव्हतं. मी पुढं होऊन हुंगलं. मलाही काही नाही. माझ्या औषधानं घरातली उरलेली नाकंही झोपली होती. तीन माणसं, भरली कढई, आणि नाक शून्य.

आम्ही दोघं बावळटासारखे उभे असताना अव्वा पुढं आली. कढईवर कान केला. "सुम्म कूड," ती कानडीत म्हणाली, म्हणजे गप बस. आम्ही श्वास धरला. दाणे तडतडत होते. ती तडतड आधी दाट होती, मग विरळ झाली, मग तिचा आवाज बदलला. (असं ती म्हणाली. मला शेवटपर्यंत एकच आवाज ऐकू आला.) तिनं एक दाणा उचलला, बोटांत चोळला, साल कशी निघते ते बघितलं.

"उतरव."

मी कढई उतरवली आणि तसाच बघत राहिलो. नाक गेलं तर ही बाई कानानं भाजते! अशा आईच्या पोटी माझ्यासारखा माणूस कसा निपजला, हे विज्ञानालाही सांगता येणार नाही.

चटणी कुटून झाली. ती कोमट असताना डब्यात भरली तर घाम धरते, म्हणून अव्वा ती नेहमी धुतलेल्या पंच्यावर पसरून निवत ठेवते. पंचा तिच्या खोलीतल्या कॉटवर अंथरला, चटणी पसरली आणि थकून अव्वा खाली बालराजअण्णांच्या घरी गप्पा मारायला गेली. सुनंदा बाजारात गेली.

मी घरात एकटा, आणि माझा आनंद पोटात मावेना. आज कान चालला, उद्या नाक का चालणार नाही? अव्वा वर येऊन पडेल तेव्हा खोली तयार असावी म्हणून मी यंत्र कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवलं, नीलगिरी ओतली, लवंग ओतली, वास वाया जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं. अव्वा दोन तासांनी वर आली. दोन तास त्या खोलीत उपचार घेतले ते चटणीनं. तेलकट कूट, वर कोमट, वासाला धरून ठेवायला याहून चांगलं काही नसतं. हेसुद्धा मी शिकवतो.

संध्याकाळी डबा भरला. कुणालाच काही कळलं नाही. कळणार कुणाला?

त्या संध्याकाळी मी आणखी एक शहाणपणा केला. मंद्रूपला फोन लावून मल्लूअण्णाला सांगितलं, "चटणी कशीही झाली असू दे, सगळ्यांनी छान म्हणायचं. अव्वाच्या मनाचा प्रश्न आहे." अण्णा म्हणाला, "सांगतो की समद्यास्नी. तू काळजी करू नको."

अमावस्येला आम्ही शेतात पोचलो. ज्वारी उंच उभी होती, थंड वारं सुटलं होतं. त्या वाऱ्यानं माझं नाक कित्येक दिवसांनी मोकळं झालं. कडब्याचा, ओल्या मातीचा वास आला. मी तोंड भरून म्हणालो, "अहाहा." तेवढ्यात अण्णाच्या बायकोनं चटणीचा डबा उघडला.

तो वास थेट माझ्या डोळ्यांपर्यंत गेला. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. त्या एका नजरेत माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं मूल्यमापन होतं. मी अण्णाकडं धावणार, तोवर पानं वाढून झाली होती. अव्वा कोपीच्या तोंडाशी बसून एकेकाचा चेहरा वाचत होती. तिच्या मांडीवर दोन्ही हात घट्ट धरलेले होते. मला वाटलं, जमीन फाटावी आणि तिनं मला यंत्रासकट पोटात घ्यावं.

अण्णानं पहिला घास घेतला. थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कशी झाल्या?" अव्वानं विचारलं.

"झकास हाय," अण्णा कसाबसा म्हणाला. दिलेला शब्द पाळणारा माणूस.

मग सगळी पंगत म्हणू लागली, झकास, लई भारी, एक नंबर. आमची दात पडलेली चुलत आत्या म्हणाली, "खाल्ली आन छातीत लई मोकळं वाटलं बग."

अव्वा सगळ्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाढा."

ताप गेल्यापासून तिनं चटणी तोंडात घातली नव्हती. वास नसला की नुसतं तिखट लागतं म्हणायची. मी पुढं झालो, "अव्वा, राहू दे, आधी आंबील घे." तिनं मला हातानं बाजूला केलं. चिमूटभर जिभेवर ठेवली. चावली. थांबली. मग उरलेली चटणी तळहातावर घेऊन नाकाजवळ नेली. पंगतीतल्या चाळीस माणसांचे हात हवेत थांबले.

"शिवा."

"हां."

"हे तुझ्या बाटलीतलं न्हवं का? ती नीलगिरी."

तिनं आणखी एकदा हुंगलं.

"आन लवंग बी हाय."

"अव्वा," मी म्हणालो, "तुला येतंय?"

"येतंय म्हंजे? डोळ्यातनं पानी काढायलंय की!"

मी तिथंच, ढेकळात, मटकन बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. सुनंदाही रडत होती. अण्णा आधीपासूनच रडत होता, पण त्याचं कारण वेगळं. अव्वानं परत तळहात नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि वीस सेकंद, अगदी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, शांत बसली. मग हळू म्हणाली, "ह्या समद्याच्या खाली दाण्याचा वास हाय. भाजनी बराबर हाय." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही बाटलीत भरू शकणार नाही.

"मग उखळ?" अण्णाच्या बायकोनं विचारलं.

"कुटं देतीय मी! ऱ्हाऊ दे माझं माझ्याकडं." मग पंगतीकडं वळून म्हणाली, "आन तुमी समदी किती खोटं बोलतासा रे. झकास म्हनं."

सगळे हसले. मी तर सगळ्यांत मोठ्यानं. डोळे पुसत अव्वाजवळ गेलो, तिच्या पायाशी बसलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला जवळ ओढलं आणि माझ्या स्वेटरशी तिचं नाक थांबलं. तोच स्वेटर मी आदल्या दिवशी शाळेत घालून गेलो होतो.

"शिवा."

"काय गं?"

"कितीक खाल्लास काल?"

चाळीस माणसं ऐकत होती.

"दोन," मी म्हणालो.

"पाच."

पाचच होती. नीलगिरीच्या आणि लवंगेच्या थरांखालून, चोवीस तासांनंतर, पाच. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते खूश झाले, अभिनंदन म्हणाले. आता नाक दिवसेंदिवस आणखी तीक्ष्ण होईल, तेलं तशीच चालू ठेवा म्हणाले. मी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "डॉक्टर, थोडं कमी करायची एखादी बाटली नसते का?"